लाईट गेली तरी इंटरनेट टिकले पाहिजे

मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,



दापोलीत माझे इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचे दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर, चार्जर आणि आता राउटर हा माझ्या टेबलावरचा रोजचा माल. पावसाळा तोंडावर आला की दुकानात एक मागणी हमखास वाढते: लाईट गेली तरी वाय-फाय चालू राहील असे काहीतरी द्या. बाजारात त्यासाठी छोटा बॅटरीचा डबा मिळतो, त्याला मिनी यूपीएस म्हणतात. तो मी जोडून देतो. तरी काही दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत येते आणि सांगते की राउटरचे दिवे लागलेले असतात, पण नेट नसते. तपासून पाहिले तर बॅटरी ठीक असते, राउटरही ठीक असतो. बंद पडलेले असते ते घराबाहेरचे, कंपनीचे किंवा तिच्या स्थानिक चालकाचे यंत्र. त्या यंत्राबाबत नियम करण्याचा अधिकार आपला आहे, म्हणून हे पत्र आपल्याला, आणि सगळ्यांनी वाचावे म्हणून खुले.

माझे म्हणणे एवढेच. घरातला राउटर बॅटरीवर चालवणे आता स्वस्त आणि सोपे झाले आहे, आणि ग्राहक ते आपल्या खिशातून करत आहेत. घरापासून केंद्रापर्यंतच्या वाटेवर जिथे जिथे यंत्राला वीज लागते, तिथे ठरावीक तासांची बॅटरी ठेवणे कंपन्यांना बंधनकारक करा. आणि ते तास किती, हे ग्राहकाला जोडणी देतानाच लेखी सांगायला लावा.

आमच्याकडे लाईट का जाते, हे आधी सांगतो. ३३ आणि ११ केव्हीच्या वाहिन्या डोंगरातून, झाडीतून लांबवर गेलेल्या आहेत. मेअखेरीस वळीव आला की फांदी तारेवर पडते आणि फीडर ट्रिप होतो. समुद्रकाठी खारा वारा इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतो, आणि पहिल्या भुरभुर पावसात तिथे ठिणग्या उडू लागतात. कधी वाडीच्या डीपीवरचा डीओ, म्हणजे फ्यूज, उडतो. एकेका वायरमनकडे अनेक गावे असतात. तो रात्री, पावसात, चिखल तुडवत येतो आणि खांबावर चढतो. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दोन तास, चार तास लाईट नसणे आमच्याकडे पावसाळ्यात नित्याचे आहे, आणि घराघरांतल्या सोयी त्याचा हिशेब धरूनच कराव्या लागतात.

हे फक्त कोकणाचे दुखणे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागाची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस होते, घरात बसून काम करणाऱ्यांचे आणि शिकणाऱ्यांचे इंटरनेट त्याच क्षणी गेले. पुण्या-नाशकात देखभाल-दुरुस्तीसाठी तासन्‌तास पुरवठा बंद ठेवतात, तेव्हाही तेच होते. फरक एवढाच की शहरात माणूस मोबाईल डेटाकडे वळतो. सगळे एकदम वळले की टॉवरवर गर्दी होते, आणि लांबलेल्या खंडितपणात टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात.

आमच्या तालुक्यातल्या कित्येक वाड्यांना मोबाईलचा आधार आधीच अपुरा आहे. डोंगराच्या कुशीतली घरे, त्यांच्या जाडजूड चिऱ्याच्या भिंती, आत पाऊल टाकले की रेंज गेली. अशा घरांत वाय-फाय कॉलिंग आल्यापासून मोठा फरक पडला. मोबाईल टॉवरऐवजी घरच्या राउटरमधून फोन लावतो आणि पलीकडचा आवाज स्वच्छ येतो. एक आजी दुकानात आल्या होत्या. मुलगा मुंबईला, घरात त्या एकट्या. त्यांनी विचारले, "दादा, लाईट गेली की माझा फोनपण जातो, असं कसं?" त्यांच्या हातातला मोबाईल पूर्ण चार्ज होता. बंद पडला होता तो राउटर, आणि त्या घरात राउटर म्हणजेच टॉवर. अशा घरात रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले, तर १०८ किंवा ११२ ला फोन लावायला अंगणात, रस्त्यावर, टेकाडावर जावे लागते. लाईट जाते तीही नेमकी वादळवाऱ्याच्या रात्री.

तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला घरची वीज लागत नसे. दूरध्वनी केंद्रात ४८ व्होल्टची बॅटऱ्यांची रांग असे आणि फोनला लागणारी वीज त्याच तारेतून घरी येई. गावभर काळोख असला तरी फोन वाजत असे. फायबर काचेची असते. तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. म्हणजे तांबे जाऊन काच आली तेव्हा फोन चालू ठेवण्याचे ओझे केंद्राकडून ग्राहकाच्या घरी आले. वेग वाढला, दर उतरले, हे चांगलेच झाले. पण हे ओझे आता तुमच्याकडे आहे, असे कंपन्यांनी ग्राहकाला सांगितले नाही, आणि ते पेलण्याचे साधनही त्याच्या हाती दिले नाही.

ते साधन काय असते, हे नीट मांडतो, कारण नियम करताना त्याचा उपयोग होईल. राउटरचा किंवा फायबरच्या पांढऱ्या डब्याचा, म्हणजे ओएनटीचा, अडॅप्टर उलटा करून पाहिला तर मागे बहुतेक वेळा १२ व्होल्ट आणि १, दीड किंवा २ अँपिअर असे छापलेले असते. काही राउटर ९ किंवा ५ व्होल्टचेही असतात. छापील आकडा कमाल मर्यादेचा. प्रत्यक्षात घरगुती डबा साधारण ५ ते १० वॅट ओढतो, एखाद्या छोट्या एलईडी बल्बएवढे. मिनी यूपीएसच्या आत लिथियमचे गोल सेल असतात आणि त्यांचा ३.७ व्होल्टचा दाब वाढवून १२ व्होल्ट करणारे सर्किट असते. लाईट गेल्यावर क्षणाचाही खंड पडत नाही. चालू असलेला कॉल तुटत नाही.

खोक्यावर मात्र १०,४०० एमएएच असा मोठा आकडा छापतात आणि गिऱ्हाईक त्याला भुलते. हा आकडा ३.७ व्होल्टचा असतो. गुणाकार केला तर सुमारे ३८ वॅट-तास. दाब वाढवताना काही ऊर्जा वाया जाते, ती वजा जाता हातात ३२ ते ३३ राहतात. आठ वॅटचा डबा त्यावर चार तास चालेल. ओएनटी वेगळा आणि राउटर वेगळा असेल, दोघे मिळून १२ वॅट ओढत असतील, तर पावणेतीन तास. खोक्यावर एमएएचऐवजी 'आठ वॅटला इतके तास' असे छापले, तर कुणालाही सांगावे लागणार नाही.

घरात मोठा इन्व्हर्टर असेल तर हे कशाला, असे बरेच जण विचारतात. इन्व्हर्टर बॅटरीचे १२ व्होल्ट घेतो, त्याचे २३० व्होल्ट करतो, आणि राउटरचा अडॅप्टर ते परत १२ वर आणतो. या उलट-सुलट प्रवासात आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यात जेवढी वीज जाते, ती पुष्कळदा राउटरच्या गरजेपेक्षा जास्त असते. पुरवठा बदलताना पडणाऱ्या निमिषभराच्या खंडात काही राउटर बंद होऊन परत सुरू होतात, आणि फायबरचा डबा पुन्हा जोडला जायला वेळ घेतो. शिवाय बॅटरीसकट इन्व्हर्टर वीस हजारांच्या घरात जातो. मिनी यूपीएस हजार-दोन हजारांत येतो. भाड्याच्या खोलीत राहणारा कृषी विद्यापीठाचा विद्यार्थी हा डबा घेऊ शकतो, इन्व्हर्टर नाही.

घरातली बाजू अशी सुटते. आता बाहेरची बाजू पाहू.

फायबरची जोडणी आमच्याकडे दोन तऱ्हेने येते. पहिल्या तऱ्हेत कंपनीच्या केंद्रात किंवा स्थानिक चालकाच्या कचेरीत ओएलटी नावाचे यंत्र असते. त्यातून निघालेली फायबर वाटेत स्प्लिटरमध्ये फुटते आणि एकेका घरी जाते. स्प्लिटरला वीज लागत नाही. वीस किलोमीटरपर्यंतच्या त्या वाटेवर काहीही चार्ज करावे लागत नाही. वीज लागते ती फक्त दोन टोकांना. ग्राहकाने आपले टोक सांभाळले आणि केंद्राने आपले सांभाळले, तर तालुक्यात काळोख असतानाही इंटरनेट चालू राहू शकते. या तंत्राची ही फार मोठी देणगी आहे आणि आपण ती वाया घालवतो. चालकाच्या कचेरीतल्या इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असते, जनरेटरमध्ये डिझेल नसते किंवा जनरेटरच नसतो. घरचा डबा बॅटरीवर जागा असतो, पण त्याच वेळी 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकू लागतो. मी गिऱ्हाइकांना सांगून ठेवले आहे की लाईट जाताक्षणी हा लाल दिवा लागत असेल आणि लाईट आल्यावर कुणी दुरुस्तीला न येता आपोआप विझत असेल, तर फायबर शाबूत आहे. पलीकडच्या टोकाला वीज नाही.

दुसऱ्या तऱ्हेत फायबर खांबावरच्या किंवा इमारतीच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीपर्यंत येते. पेटीत स्विच असतो आणि तिथून शंभर मीटरच्या आत लॅनची केबल घरी जाते. या स्विचला वीज कुणाच्या तरी मीटरवरून घेतलेली असते. त्या घराची लाईट गेली की दहा-वीस घरांचे नेट गेले. दुरुस्तीसाठी मी अशा पेट्या उघडल्या आहेत. आत मुंग्यांची माती, हिरवे पडलेले टर्मिनल आणि कोपऱ्यात पोट फुगलेली ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी. जोडणी दिली त्या वर्षी ती चालत असणार. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. एप्रिल-मेच्या उन्हात तापणाऱ्या बंद पत्र्यात ती किती टिकणार? ती मेली, हे कुणाला कळत नाही, कारण तिच्याकडे पाहण्याचे बंधन कुणावर नाही.

याचा खर्च फार नाही. पेटीतला स्विच २० वॅट ओढतो असे धरू. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे १५० वॅट-तास देते, म्हणजे सहा तासांहून जास्त. ही बॅटरी शिशाच्या बॅटरीपेक्षा उष्णता जास्त सोसते आणि कितीतरी जास्त वेळा भरता येते. चार्जरसह ५,००० रुपये धरा, पेटीवर २० घरे धरा, आयुष्य ५ वर्षे धरा. घरटी महिन्याला ४ रुपयांच्या आसपास. घरात हजार-दोन हजारांची बॅटरी घेणारा ग्राहक हे ४ रुपये नाकारणार नाही. प्रश्न आहे तो सक्तीचा आणि देखभालीचा.

आपण २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. जिल्हा पातळीवर मोबाईलचे जाळे २४ तासांहून अधिक बंद राहिले तर ग्राहकाला भरपाई, तारेच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर सवलत, अशा चांगल्या गोष्टी त्यात आहेत. पण लाईटबरोबर गेलेले आणि लाईटबरोबर आलेले इंटरनेट या चाळणीतून निसटते. दोन तासांत सगळे पूर्ववत होते, ग्राहक तक्रार नोंदवायला बसत नाही. नोंदवायला गेला तरी "तुमच्याकडे लाईट नाही ना, मग आम्ही काय करणार," हे उत्तर ठरलेले. पावसाळ्यात हे किती वेळा झाले, याचा आकडा ग्राहकाच्या बिलावर कुठेही येत नाही.

मोजणे अवघड आहे, हे कंपन्यांनी सांगितले तर ते मान्य करू नये. ओएनटीची वीज गेली की विझण्यापूर्वी तो केंद्राला एक शेवटचा संदेश पाठवतो, त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. त्यामुळे कुणाच्या घरची लाईट गेली आणि कुठे फायबर तुटली, हे केंद्रात बसून वेगळे ओळखता येते. ओएलटी किंवा स्विच स्वतःच बंद पडला तर देखरेखीच्या प्रणालीत त्याची वेळ नोंदली जाते. नोंदी असतातच. त्या मागायच्या फक्त आपण.

इतर देशांनी हा विचार आधीच केला आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये नियम केला की ज्या घरगुती फोनला तारेतून वीज मिळत नाही, त्या ग्राहकांना कंपनीने ८ तासांच्या बॅटरीची सोय विकत घेण्याचा पर्याय द्यावा, आणि पुढे २०१९ पासून २४ तासांचा; तो नियम २०२५ पर्यंत लागू होता. ब्रिटनच्या ऑफकॉमने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढली की वीज गेल्यावर किमान एक तास तरी आणीबाणीचा फोन लागेल अशी सोय कंपन्यांनी द्यावी, आणि जे लँडलाइनवरच विसंबून आहेत त्यांना ती मोफत द्यावी. या दोन्ही देशांत वीज आमच्यापेक्षा कितीतरी कमी जाते.

एक शंका मी स्वतःच मांडतो. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आम्ही सोसले आहे. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात हजारो खांब आडवे झाले, अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. अशा वेळी चार तासांची बॅटरी पुरणार नाही, हे मला कळते. माझी मागणी त्या दिवसांसाठी नाही. ती वर्षभर येत राहणाऱ्या दोन-चार तासांच्या काळोखासाठी आहे. मात्र वादळाच्या पहिल्या काही तासांतही, घरची माणसे सुखरूप आहेत हे मुंबईला कळवायला आणि मदत मागायला हीच बॅटरी कामी येईल.

म्हणून आपल्याकडे या मागण्या आहेत.

एक. केंद्रापासून ग्राहकाच्या दारापर्यंत वीज लागणाऱ्या प्रत्येक यंत्राला किमान तासांची बॅटरी सक्तीची करा. शहरात ४ तास, आणि डोंगराळ व किनारी तालुक्यांत ८ तास असावेत, असे मला अनुभवावरून वाटते. बॅटरीची वर्षातून एकदा, मे महिन्याच्या आत, तपासणी व्हावी आणि तपासणीची तारीख पेटीवर लिहिलेली असावी. खांबाखाली उभा असलेला कुणीही ती वाचू शकेल.

दोन. जोडणीच्या अर्जावर आणि बिलावर ग्राहकाच्या भाषेत एक ओळ छापा: वीज गेल्यावर आमची यंत्रे इतके तास चालतील. कंपनी निवडताना वेगाबरोबर हाही आकडा ग्राहकाला दिसू द्या.

तीन. नवीन जोडणी देताना तिच्या ओएनटीशी जुळणारी, तपासलेली बॅटरी देण्याचा पर्याय कंपनीने ठेवावा आणि ती हप्त्याने मिळावी. आज लोक अंदाजाने घेतात. बारा व्होल्टची पिन नऊ व्होल्टच्या राउटरला बसते आणि राउटर जळतो, असे जळके राउटर माझ्याकडे येतात. बीआयएसची नोंदणी नसलेले, जुन्या लॅपटॉपमधले सेल भरलेले डबेही विकले जातात. ते गादीखाली, पडद्यामागे, राउटरच्या डोक्यावर ठेवले की तापतात, फुगतात. व्होल्ट, अँपिअर आणि पिनची दिशा प्रत्येक ओएनटीवर मोठ्या अक्षरांत छापली तरी बरेच अपघात टळतील. आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची सोय तालुक्याच्या गावापर्यंत पोचली पाहिजे. आज त्या ओढ्यात जातात.

चार. वीज नसल्यामुळे यंत्र बंद पडल्याचे तास दर तिमाहीला, तालुकावार, कंपन्यांकडून मागवा आणि जाहीर करा. इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम आपण २०२४ मध्ये केले आहेत. त्या मानांकनात जिन्याखालच्या, गच्चीवरच्या स्विचला वीज गेल्यावर काय आधार आहे, याला ठळक वजन असू द्या.

यात स्थानिक केबल चालकावर सगळा भार पडू नये, हेही आवर्जून सांगतो. तोही आमच्यातलाच. वादळानंतर शिडी घेऊन पहिल्यांदा बाहेर पडतो तो, आणि मोठ्या कंपनीकडून त्याला मिळणारा वाटा तुटपुंजा असतो. बॅटरीचा खर्च कंपनीने उचलावा आणि देखभालीचे पैसे चालकाला वेगळे मिळावेत, असे नियमातच लिहा. नाहीतर कागदावर बॅटरी असेल आणि पेटीत मुंग्या.

आज आमच्या तालुक्यात इंटरनेट ही चैन राहिलेली नाही. हर्णै-मुरुडच्या लॉजवाल्याचे बुकिंग त्यावर चालते, किराणा दुकानाची पैशांची देवघेव त्यावर चालते. आई-वडिलांपाशी राहून पुण्याच्या कंपनीत काम करता येते म्हणून गावी परतलेली मुले-मुली इथे आहेत. त्यांना गावात टिकवायचे असेल तर रस्त्याइतकीच ही तार भरवशाची हवी. लोकांनी आपला वाटा उचलला आहे. कुणी दूध घालून जमवलेल्या पैशातून मिनी यूपीएस घेतला, कुणी पहिल्या पगारातून. त्यांचा पैसा आणि विश्वास पलीकडच्या मेलेल्या बॅटरीमुळे वाया जाऊ नये.

नियम करण्यापूर्वी आपण सल्लामसलतीचा मसुदा काढता आणि लोकांच्या सूचना मागवता. या विषयाचा मसुदा काढा, तो मराठीतूनही काढा. दुरुस्तीवाले, वायरमन, केबल चालक, शिक्षक, आम्ही सगळे त्यावर लेखी सूचना पाठवू, आणि मोजमाप लागले तर तेही देऊ. येत्या मृगाच्या आधी हे काम सुरू व्हावे, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
दापोलीतील एक इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती कारागीर